केसातले वलय आणि निदानाची घाई

‘एका केसावरून कर्करोगाचे निदान’ अशा अर्थाचा मथळा भारतीय वृत्तपत्रांच्या विज्ञानपानावर आणि मोबाइलच्या पडद्यावर अधूनमधून उगवत असतो. मथळ्यातील रोग बदलतो, यंत्राचे नाव बदलते, प्रयोगशाळेचा देश बदलतो; केस मात्र तोच राहतो. बातमीखाली जमणाऱ्या प्रतिक्रियांत दोन सूर हमखास आढळतात. एक विज्ञानाच्या चमत्काराने भारावलेला. दुसरा, ‘ही चाचणी आमच्या शहरात कुठे होते?’ असे विचारणारा. पहिला सूर निरुपद्रवी आहे. दुसरा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या हाताला कदाचित गाठ लागलेली असते. तिच्यापाशी पोहोचल्यावर ही बातमी निरुपद्रवी राहत नाही.

या मथळ्यांमागे क्ष-किरणांचे जे शास्त्र उभे केले जाते, ते मुळात अत्यंत प्रामाणिक शास्त्र आहे. खोट आहे ती त्याच्या तोंडी घातलेल्या वाक्यांत. म्हणून आधी क्ष-किरणांना केसात खरोखर काय दिसते, ते पाहिले पाहिजे.

मानवी केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर. बाहेरून चपट्या पेशींचे आवरण, घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले, पाच ते दहा थरांचे. त्याच्या आत कॉर्टेक्स, म्हणजे केसाचा खरा देह. इथल्या लांबट मृत पेशींत केराटिन या प्रथिनाचे तंतू केसाच्या दिशेने उभे रचलेले असतात. या तंतूंची रचना सुंभाच्या दोरीसारखी आहे: केराटिनची साखळी आधी स्वतःभोवती मळसूत्रासारखी वळते, अशा दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालतात, त्या जोड्या एकत्र येऊन सात-आठ नॅनोमीटर जाडीचा तंतू होतो, आणि असे असंख्य तंतू गंधकयुक्त प्रथिनांच्या भरावात रुतून बसतात. पेशी-पेशींच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचे, म्हणजे लिपिडांचे, पातळ थर असतात. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या थरांत आहे.

आता केस उभा ताठ धरून त्यावर आडवा क्ष-किरणांचा बारीक झोत सोडला, तर पलीकडच्या पडद्यावर एक नक्षी उमटते. तंतू एका दिशेने रचलेले असल्याने त्यांच्या खुणाही विशिष्ट दिशांनाच पडतात. तंतूंमधले सुमारे ९ नॅनोमीटरचे अंतर आडव्या अक्षावर दिसते. तंतूच्या लांबीतील ६.७ नॅनोमीटरची पुनरावृत्ती उभ्या अक्षावर. तांब्याच्या नळीतून निघणारे, ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण वापरले तर ९ नॅनोमीटरची खूण मूळ झोतापासून जेमतेम एक अंशावर पडते. ब्रॅगच्या सूत्रात आकडे घालून कोणताही विद्यार्थी हे तपासू शकतो. आणि या खुणांच्या जोडीला साधारण साडेचार नॅनोमीटरच्या जागी एक फिकट वलय दिसते. ते वलय आहे, ठिपका नाही, कारण ते देणाऱ्या द्रव्याला केसाच्या दिशेचे सोयरसुतक नसते. ते लिपिडांचे वलय.

ही नक्षी वाचण्याची विद्या जुनी आहे. १९२८ मध्ये लीड्सला आलेल्या विल्यम ॲस्टबरी यांनी लोकर आणि केस यांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली, कारण ते शहर लोकरीच्या गिरण्यांचे होते आणि गिरण्यांना धागा का ताणतो हे हवे होते. वाफेत ताणलेल्या केसाची नक्षी बदलते, म्हणजे आतल्या साखळीची घडीच उलगडते, हे त्यांनी दाखवले. न ताणलेल्या केसात त्यांना ०.५१ नॅनोमीटरची पुनरावृत्ती मिळाली. १९५१ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी आल्फा हेलिक्स मांडला, तेव्हा त्याच्या एका वळशाची उंची निघाली ०.५४ नॅनोमीटर. तीन शतांशांचा हा फरक शास्त्रज्ञांना टोचत राहिला. १९५२ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी सुचवले की दोन हेलिक्स एकमेकांना पीळ घालत असतील, तर प्रत्येक हेलिक्स किंचित तिरपा होतो आणि उभ्या अक्षावर मोजलेले अंतर कमी भरते. तफावत सुटली आणि केसाच्या दोरीचा पीळही कळला.

दोन वर्षांनी मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी तंतूंच्या विवर्तनचित्रांवरूनच कोलॅजनची तिपेडी रचना मांडली आणि १९५५ मध्ये आपल्याच पहिल्या प्रतिमानात सुधारणाही केली. तंतूच्या छायाचित्रातून काय वाचावे आणि काय वाचू नये, याचा धडा भारताला परदेशातून उसना आणावा लागत नाही. म्हणूनच आजचा बेजबाबदारपणा अधिक खुपतो.

१९९९ च्या मार्च महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात व्हेरोनिका जेम्स आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांनी तपासलेल्या केसांत, स्तनाच्या कर्करोगाच्या सर्व रुग्ण स्त्रियांच्या केसांच्या चित्रात एक वेगळे वलय दिसते, असा दावा त्यात होता. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रियांच्या केसांतही ते दिसते, असेही म्हटले होते. आणि म्हणून ही सोपी, शरीराला इजा न करणारी तपासणी ठरू शकेल, अशी सूचना शेवटी होती. त्या वलयाचे स्थान सुमारे साडेचार नॅनोमीटर.

त्याच वर्षीच्या जुलैत, त्याच नियतकालिकात, फ्रान्समधील दुसऱ्या गटाचे उत्तर आले. त्यांना वलय आणि कर्करोग यांचा संबंध आढळला नाही; निरोगी व्यक्तींच्या केसांतही ते वलय होते आणि त्याचे मूळ लिपिडांत होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर गटांनीही प्रयत्न केले आणि त्यांच्याही हाती तो संबंध लागला नाही. मूळ गटाचे म्हणणे असे की इतरांनी नमुने नीट हाताळले नाहीत, केस ताणले गेले, रासायनिक प्रक्रिया झालेले केस वापरले गेले. ऑस्ट्रेलियात या कल्पनेवर व्यापारी चाचणी उभी करण्याचा प्रयत्नही झाला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ती सोपी तपासणी कोणत्याही देशाच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत रुजली नाही.

चुकीचा दावा करणे हा शास्त्रातला गुन्हा नव्हे. लेख छापला गेला, इतरांनी तपासला, चार महिन्यांत शंका छापली गेली. व्यवस्था जशी चालावी तशीच चालली. आक्षेप आहे तो त्या बचावातून निघणाऱ्या निष्कर्षाकडे डोळेझाक करण्यावर. केस किंचित ताणला, रंगवला, कुरळा करून घेतला एवढ्यानेच चाचणीचा निकाल बदलत असेल, तर ती चाचणी अचूक असो वा नसो, सोपी नक्कीच नाही. आणि लाखो स्त्रियांसाठी म्हणून जी सुचवायची, तिचा सोपेपणा हाच तर एकमेव गुण सांगितला जात होता.

आता हीच कल्पना भारतात आणून पाहावी. इथला केस जन्मापासून तेलात वाढतो. केरळात खोबरेल, बंगालात व उत्तरेत मोहरीचे, कुठे तिळाचे, कुठे आवळा-ब्राह्मीचे म्हणून विकले जाणारे खनिज तेल. त्यावर मेंदी, काळा रंग, केस सरळ करण्याची रसायने. ही सगळी द्रव्ये वरवर राहतात असेही नाही. २००३ मध्ये मुंबईतील दोन संशोधकांनी दाखवले की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, तर सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे करत नाही. (हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, वाचकाने ते लक्षात ठेवावे, आणि तरीही प्रयोग पुन्हा करून पाहता येण्याजोगा आहे हेही लक्षात ठेवावे.) म्हणजे ज्या वलयाचा उगम केसातल्या स्निग्ध द्रव्यात आहे, त्या वलयाकडे बोट दाखवून निदान करायचे, तेही अशा देशात जिथे बहुसंख्य डोक्यांवर रोज बाहेरून स्निग्ध द्रव्य चोळले जाते! तेलाने वलय वाढते, पुसट होते की जराही बदलत नाही, हे मोजल्यावाचून पुढचे एकही पाऊल टाकणे म्हणजे वजनकाटा शून्यावर न आणता सोने तोलणे.

पाण्याचेही तसेच. कूपनलिकेच्या जड पाण्यात कॅल्शियम मुबलक असते, आणि केसातील मेदाम्लांशी कॅल्शियमची साबणासारखी संयुगे बनतात, हे सूक्ष्म क्ष-किरण तंत्रांनी दिसले आहे. हवेतील ओलावा तर केसाचा जुना धनी. पूर्ण भिजलेला केस जाडीत सुमारे पंधरा टक्क्यांनी फुगतो, लांबीत जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो. अठराव्या शतकात द सोस्यूर यांनी केसावर चालणारा आर्द्रतामापक बनवला तो याच लांबीच्या फरकावर. केस ओला झाला की केराटिनच्या तंतूंमधले अंतरही वाढते. चेन्नईच्या पावसाळी हवेतला नमुना आणि मे महिन्यातील जयपूरचा नमुना यांची चित्रे शेजारी ठेवून कोणी ‘फरक आहे’ म्हणाला, तर त्याने हवामान मोजले असण्याचीच शक्यता अधिक.

आणि बाहेरचे सगळे बाजूला ठेवले तरी माणसामाणसांतला नैसर्गिक फरक उरतोच. २०१४ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बारा व्यक्तींचे केस क्ष-किरणांनी तपासले गेले. केराटिनच्या खुणा सर्वांत जवळजवळ सारख्या निघाल्या. काही जणांच्या केसांत मात्र जादा खुणा होत्या, आणि त्या लिपिडांच्या होत्या. वडील आणि मुलगी यांची चित्रे जुळली, एकसारख्या जुळ्यांची जुळली, भिन्न जुळ्यांची जुळली नाहीत. बारा माणसांवरून फार मोठे बोलू नये, हे त्या संशोधकांनीही मान्य केले आहे. पण एवढे तरी दिसते की केसाच्या चित्रातला जो भाग माणसागणिक निरोगीपणीही बदलतो, नेमका तोच भाग रोगाची खूण म्हणून पुढे केला गेला होता.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: केस खरोखरच शरीराची नोंद ठेवतो, मग एवढा संशय कशाला? उत्तर बरोबर आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण भारतातलेच आहे. पश्चिम बंगालमध्ये भूजलातून आर्सेनिकची विषबाधा झालेल्या गावांत जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे लोकांचे केस, नखे आणि लघवी यांचे नमुने तपासले. तिथे केसाची साक्ष ग्राह्य का ठरली? कारण आर्सेनिक केराटिनमधील गंधकाला चिकटते, हे रसायन ठाऊक होते; केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून केसाच्या लांबीत काळाची नोंद असते, हे ठाऊक होते; आणि आर्सेनिकयुक्त पाण्याने आंघोळ केली तर ते बाहेरूनही केसाला लागते, ही अडचणही ठाऊक होती. एका केसावर विसंबून न राहता पाणी, नखे, लघवी, त्वचेवरचे डाग असे सारे एकत्र पाहिले गेले. आर्सेनिक केसात कसे पोहोचते ते सांगता येत होते. स्तनातील गाठ डोक्यावरच्या केसातील लिपिडांची मांडणी कशी बदलते, याचे तितके पटणारे उत्तर १९९९ च्या दाव्यापाशी नव्हते.

विद्यार्थ्यांनी आणखी एक हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा हजार स्त्रियांत पाच जणींना रोग आहे. चाचणी शंभरातील नव्वद रुग्ण अचूक पकडते आणि शंभर निरोगी स्त्रियांपैकी फक्त दहा जणींना चुकून रोगी ठरवते. कानाला हे उत्तम वाटते. पण हजार जणींत ती चार-पाच खऱ्या रुग्ण शोधेल आणि सुमारे शंभर निरोगी स्त्रियांना कर्करोगाची धास्ती देईल. त्या शंभर जणींची पुढची तपासणी, प्रवास, बुडालेली मजुरी, घरातील कुजबुज यांचा खर्च ‘शरीराला इजा न करणारी’ या विशेषणात कुठे धरला आहे?

तपासणीपद्धत सिद्ध करायला काय लागते, ते मुंबईत पाहता येते. जेम्स यांचा लेख येण्याच्या आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, टाटा मेमोरियल रुग्णालयाने शहरातील वस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने स्तनांची तपासणी करतात, त्याने काही फरक पडतो का, एवढाच प्रश्न. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी, उरलेल्यांत केवळ माहिती आणि पाठपुरावा. वीस वर्षे हे चालले. निष्कर्ष २०२१ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आले, आणि ते कसलेही ढोल न वाजवता आले: तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या टप्प्यावर सापडला, स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंतील एकूण घट सुमारे पंधरा टक्के, पण संख्याशास्त्रीय कसोटीवर ती ठाम ठरली नाही, पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ तीस टक्के दिसली. दीड लाख स्त्रिया, वीस वर्षे, आणि शेवटी एवढे मोजूनमापून बोललेले वाक्य. याच्या शेजारी ‘एका केसावरून’ हा मथळा ठेवून पाहावा. कोणत्या बातमीला अधिक जागा मिळाली, हे वाचकाने स्वतःच्याच स्मरणशक्तीला विचारावे.

स्तनाचा कर्करोग आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि मोठ्या संख्येने रुग्ण पुढच्या टप्प्यावर रुग्णालयात पोहोचतात. अशा देशात केसाच्या चाचणीची बातमी ऐकून एखादी स्त्री तपासणी सहा महिने पुढे ढकलत असेल, तर त्या सहा महिन्यांची जबाबदारी कोणाची? ‘आम्ही फक्त शक्यता वर्तवली होती’ असे प्रसिद्धिपत्रक काढणारी संस्था म्हणेल. ‘आम्ही फक्त प्रसिद्धिपत्रक छापले’ असे संपादक म्हणेल. दोघांचेही म्हणणे शब्दशः खरे असेल, आणि दोघेही उत्तर टाळत असतील. लोकांना आशा हवी असते, असाही एक युक्तिवाद केला जातो. आशा देण्याचा अधिकार कोणी नाकारलेला नाही. पण नमुने किती होते, निरोगी केस किती होते, कोणता केस कोणाचा हे मोजणाऱ्याला ठाऊक होते का, हे तीन आकडे-तपशील बातमीत घातल्याने आशा मरत नाही. ते नसतील तर ती बातमी जाहिरातीच्या पानावर जावी.

शास्त्रज्ञांनाही यात मोकळे सोडता येत नाही. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन उभा आहे, आणि लहान कोनांतील विवर्तनासाठी त्यावर स्वतंत्र किरणवाहिनी आहे. निरोगी भारतीय केसाची पायाभूत नोंद तिथे करता येईल: वेगवेगळ्या प्रदेशांतले, वेगवेगळ्या वयांचे, तेल लावलेले आणि न लावलेले, रंगवलेले आणि न रंगवलेले, ठरावीक आर्द्रतेत ठेवलेले नमुने, प्रत्येकावर किती क्ष-किरण पडले याची नोंद, कारण प्रखर झोत केसातील गंधकाचे बंध स्वतःच तोडतो. यात धक्कादायक असे काही नाही. म्हणूनच ‘किरणवेळ मौल्यवान आहे, ती कंटाळवाण्या मोजणीवर का घालवायची’ असा प्रश्न येतो. ॲस्टबरींनी लोकरीवर घालवलेली वर्षे कंटाळवाणीच होती. केसाच्या दोरीचा पीळ सापडला तो त्या कंटाळवाण्या ०.५१ वर विश्वास ठेवल्यामुळे.

तिरुपतीला अर्पण झालेल्या केसांचा लिलाव होतो, आणि लिलावात केसांची लांबी, प्रत आणि वजन काटेकोर पाहिले जाते. व्यापाऱ्याला जी शिस्त परवडते, ती निदानाचा दावा करणाऱ्याला परवडू नये, हे नवल आहे.

राहिला तो पहिला प्रश्न, ‘ही चाचणी कुठे होते?’ केसावरून स्तनाच्या कर्करोगाचे निदान करणारी, वैद्यकाने मान्य केलेली चाचणी कुठेही होत नाही. गाठ लागली असेल तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कर्करोग केंद्रात हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने नमुना, हाच मार्ग आहे, आणि तो याच आठवड्यात धरायचा आहे. बातमीच्या शेवटी ही दोन वाक्ये छापायला चार ओळींची जागा लागते.